तीन लिटर दूध

वानाद्झोरच्या धाग्याच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी रोजकीर्द लिहिली.
कारखाना सुटला, सवय सुटली नाही.
म्हणून हेही लिहून ठेवतो:
दूध तीन लिटर, फाटकाशी येणाऱ्या व्हॅनमधून,
बाराशे द्राम.
गॅस, अंदाजे साठ.
विरजणापुरता दुकानातला मात्सूनचा डबा, साडेतीनशे.
आणि माझे पाच तास,
ज्यांचा दर आता कुणी ठरवत नाही.

दुकान जिन्याखालीच आहे.
तिथली वार्तुश म्हणते, "वराझदात,
डबा उचलायला मिनिट लागत नाही,
आणि तू त्यासाठी अख्खी दुपार उकळत बसतोस?"
तिचं चुकत नाही.
तिच्या डब्यातलं मात्सून चमच्यानं कापावं
तर कडा उभी राहते,
आणि तारीखसुद्धा छापलेली असते.

माझं पहिलं लागलंच नाही.
दुसऱ्याला तार सुटली,
चमच्यामागं ओढत येणारी.
तिसऱ्या खेपेला दूध करपलं
आणि मी पातेल्याशी मोठमोठ्यानं भांडलो.
अर्पेनिक क्रास्नोदारला आहे, लेकीच्या बाळंतपणाला.
तीन महिन्यांसाठी गेली, त्याला हा दुसरा हिवाळा.
फोनवर म्हणाली, "करंगळी बुडव. मोजत राहा.
सातावर काढावीशी वाटली तर बरोबर.
पाचावर वाटली, तर थांब अजून.
नवापर्यंत काहीच वाटलं नाही, तर उशीर केलास."
"म्हणजे डिग्री किती?"
ती हसली. मागं बाळ रडत होतं.

अखेर समोरच्या हायकानुशचं दार वाजवलं.
पाण्याच्या मोटारीवरून वाजलं त्याला दोन वर्षं झाली,
तेव्हापासून जिन्यात आम्ही एकमेकांना वाट देतो,
शब्द देत नाही.
दार अर्धं उघडून तिनं माझ्या खांद्यावरून
बाहेरच्या अंधाराकडं पाहिलं.
"दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर जात नाही."
दार लागलं.
सकाळी पाहतो तर माझ्या पायपुसण्यावर बरणी,
तळाशी तीनेक चमचे,
तोंडाला फडकं, दोऱ्यानं दोनदा गुंडाळलेलं.

करंगळी सातावर काढली.
पातेलं जुन्या ओव्हरकोटात घातलं, बाह्या वर बांधल्या,
थंडीत कुणाला प्रवासाला धाडावं तशा.
टेबलाला धक्का नको म्हणून
चार तास रेडिओ लावला नाही, खुर्ची सरकवली नाही,
खोकला आला तो न्हाणीघरात जाऊन खोकलो.
कारखान्यात इतकं लक्ष मी कशालाच दिलं नव्हतं.
(हे कीर्दीत लिहू नये.)

लागलं.
वार्तुशच्या डब्यापेक्षा पातळ, आंबट जरा जास्त,
पिवळ्या सायीला कोटाचा एक लोकरी धागा चिकटलेला.
पाव बुडवून उभ्यानंच खाल्लं.
मग आठवडाभर खाल्लं:
लसूण ठेचून, काकडी किसून,
गहू शिजवून अर्पेनिकसारखं स्पास करायला गेलो,
ते फाटलं, तेही खाल्लं.

हिशोब मांडला.
वाया गेलेल्या तिन्ही खेपा धरल्या तर तोटा.
न धरल्या तर किरकोळ नफा,
माझे तास फुकट मानायचे या अटीवर.
वार्तुशला आकडा सांगितला.
"मग?" म्हणाली.
मग काही नाही.

बरणी तेवढी राहिली, धुऊन खिडकीत पालथी.
परत करायची आहे,
आणि रिकामी करायची नसते,
एवढं घरात बायको नसतानाही माहीत असतं.
मध नाही. सुके जरदाळू नाताळातच संपले.
पातेल्याच्या तळाशी जे उरलंय
ते पुढच्या विरजणापुरतं.

उद्या व्हॅन सातला येते.
गजर साडेसहाचा लावलाय.
बाराशे द्राम सुटे काढून
कोटाच्या खिशात ठेवले होते,
आता तो कोट कशाला लागणार आहे हे आठवून
पुन्हा बाहेर काढून ठेवले.