लूपवरची

पाटीवर लिहिलंय डब्ल्यू ए जी सात.
पुढं पाच आकडे, शेवटचे दोन धुळीनं बुजलेले.
डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ,
ए म्हणजे वरच्या तारेतली वीज,
आणि जी म्हणजे माल,
म्हणजे सगळ्यांना आधी जाऊ देणारी.

पाच हजार घोडे पोटात घेऊन
ती उभी राहते सावंगी रोडच्या लूपवर.
मागं अठ्ठावन्न डबे घुग्घुसचा कोळसा,
शेवटचा डबा कुठं आहे ते गार्डलाच ठाऊक.
राजधानी जाते.
मग मद्रासकडची एक.
मग पॅसेंजर, तीन डब्यांत दिवा नसलेली.
मग नुसतंच एक रिकामं इंजिन,
तेही हिच्या आधी.

रूळ तिथं जरा वळतो,
म्हणून हिची बत्ती रुळावर न पडता
सरळ झिबल सिडामच्या वावरात जाते.
रेल्वेनं हे ठरवलेलं नव्हतं.
हरबरा घाट्यावर आलेला,
माळ्यावर झिबल, हाताशी टिनाचा डबा,
हाकलून हाकलून गळा बसलेला.
पहिल्या रात्री त्याच्या ध्यानात आलं:
गाडी होती तोवर डुकरं आली नाहीत.

दुसऱ्या रात्री तो धुरा ओलांडून आला,
इंजिनाखाली उभा राहिला, पार चाकाएवढा.
"बाई, बत्ती जराशीक राहू द्या ना तशीच."
वर खिडकीत असिस्टंट प्रणोती वालदे.
"काका, समोरून गाडी आली का मंद करा लागते.
नियम हाये तसा."
"मंग गेल्यावर?"
तिनं रामटेके साहेबांकडं पाहिलं.
साहेब डबा उघडत होते.
"गेल्यावरचं," ते म्हणाले, "नियमात काही लिहेल नाही."

तो सगळा माघ असाच गेला.
ब्लोअर घुमायचा, घाटे भरायचे.
एकदा हुळा आला वर, कागदात बांधून, गरम,
तिघांचीही बोटं काळी झाली,
आणि कोळशानं नाही, याचं
प्रणोतीला उगाच हसू आलं.

यंदा तिसरी लाईन झाली.
आता नवी येते, नऊ नंबरची,
सहा हजार घोडे,
लांबून सूर लावल्यासारखी गुणगुणते
आणि लूपकडं न पाहता निघून जाते.
उजेड वावरातून फिरतो,
एका तासावरून दुसऱ्या तासावर,
झिबलच्या तोंडावरून,
पळसाच्या बुंध्यावरून, संपतो.

सातवाली कुठं गेली, त्यानं स्टेशनात विचारलं.
"कोणती सातवाली?" मास्तर म्हणाला. "अशा लय हायेत."

रात्री तो डबे मोजतो.
अठ्ठावन्न भरले की हात टिनाकडं जातो.
तिकडं धुऱ्यावर
डुकरं उभी असतात अंधारात, पिल्लं मधे घेऊन.
त्यांनाही आता कळलंय:
गाडी आधी जाऊ द्यायची.