फुंकर

ग्रिम्सबीच्या दवाखान्यात सुईणबाई
पांढरी नळी पुढे करतात : फुंक.
लॉर्नाला हसू येतं. फुंकण्यात तर जन्म गेला,
मासळीच्या कारखान्यामागे, ओले हातमोजे काखेत धरून,
दर सुट्टीला एक.

यंत्र म्हणतं, एकोणीस.
कुणी रागावत नाही. तेच जास्त लागतं.
"तुझ्या रक्तात धूर बसलाय
प्राणवायूच्या खुर्चीत.
बाळ उभंच आहे."

त्या रात्री पाकीट सिंकमध्ये भिजवलं.
पहाटे त्यातलीच एक
रेडिएटरवर वाळत घातली.
पेटेना.

मग दंडावर पट्टी, खिशात आल्याच्या वड्या,
राग नवऱ्यावर, किटलीवर, समुद्रावर.
एका मंगळवारी घसरली. अर्धीच.
तेही सुईणबाईंना सांगून टाकलं.

आज पुन्हा नळी.
श्वास धर, पंधरा मोज, सोड.
दोन.
ती यंत्र उलटं करून बघते,
बिघडलंय की काय.

घरी रोरीचा गुडघा फुटलेला.
पोट सांभाळत ती खाली बसते,
जखमेवर हळूच घालते
फुंकर.
तो रडायचा थांबतो, नाक उडवतो :
"आई, आज आल्याचा वास."