उलटा एन

ओहोटी लागली की इशबेल क्रॉम्बी
बाबागाडी ढकलत किनाऱ्यावर उतरते.
गाडीतलं बाळ आता लीथला वेल्डर आहे.
फोर्थच्या खाडीने चाटून गुळगुळीत केलेल्या विटा
ती बुटाच्या टोकाने उलथते,
पोटातल्या खळग्यात नाव उरलंय का बघते.

नाव असतंच. मालकाचं.
रँकिन. रँकिन. रँकिन.
भट्ट्या विझून सत्तर वर्षं झाली,
धुराडी पाडली, मातीच्या खाणीत तळं साचलं, तळ्यात हंस आले,
आणि रँकिन अजून प्रत्येक भरतीला
अंघोळ करून वर येतो.

नवरा म्हणायचा, मला वीट आलाय.
ती विचारायची, कुठल्या भट्टीची?
शेवटी त्यानेच शेडमध्ये फळ्या ठोकून दिल्या,
ओकच्या, जाड.
त्याच्यामागे वर्षभरात त्याही वाकल्या.

चारशे बारा विटा. दात घासायचा ब्रश, व्हिनेगर, वही.
त्यातल्या अकरा विटांवर
शेवटचा एन उलटा,
मधली दांडी भलतीकडे कललेली.
वीट डोक्यावर उभी करा, तरी उलटाच.

साच्यात अक्षर उलटं कोरावं लागतं
तेव्हा कुठे विटेवर सुलटं उमटतं.
कोरणाऱ्याने पाच अक्षरं नीट उलटी कोरली
आणि सहाव्याला
जेवणाची शिटी झाली असेल,
किंवा अक्षरं म्हणजे त्याला नुसती चित्रंच असतील,
हे एक झाड, ही एक शिडी.

कर्कॉडीच्या ग्रंथालयात तिने पगाराचं पुस्तक मागवलं.
साचे: ह्यू गॉर्डी, आठवड्याला अठरा शिलिंग.
विटा वाहणाऱ्या मुली: चार.
बस, चार. नावं नाहीत,
शिलिंगही एकत्रच मांडलेले.
ह्यूच्या नावापुढे सही नाही, फुली आहे,
शाई जरा फुटलेली. हात जड असावा.

इशबेलने पेन्सिलीने वहीत ती फुली काढली.
डावीकडून पाहिली, उजवीकडून,
घरी येऊन न्हाणीघरातल्या आरशातही.
फुली काही केल्या चुकत नाही.

आज बारावी वीट सापडली, अर्धीच,
पण नेमकी त्या टोकाची.
बाबागाडीचं चाक वाळूत रुतलंय.
पाणी चढतंय, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही.
ती वाकून जोर लावते
आणि मागे न बघता म्हणते,
मुलींनो, जरा हात लावा गं.