हातचा एक

गादी उलटली तशी वही पडली.
बारा खाटांची खोली, खिडकीकडची वरची खाट,
हेलसिंकी, सकाळचे सव्वाअकरा.
पाहुणे गेलेले,
त्यांच्या मोज्यांचा वास अजून रेंगाळलेला.

पानावर मधोमध रेघ, पट्टी न लावता ओढलेली.
डावीकडे टाल्लिन, उजवीकडे हेलसिंकी.
खाट सोळा. खाट चौतीस.
कॉफी दोन ऐंशी. कॉफी चार वीस, पण दुसरा कप फुकट.
सूप तीन, भोपळ्याचं, सोबत काळा पाव.
सूप अकरा, साल्मनचं,
ते खोडून पुढे: नुसता वास घेतला.

‘चादर सहा युरो, वेगळे!’
याखाली दोन रेघा.
ती चादर मी धुते, बाळा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथे अंथरूणच भाड्याचं.
तू काय केलंस ते गादीनं सांगितलं मला:
अंगावर जाकीट, पाय पोटाशी,
आणि उशाशी पावाचा चुरा.

मी डावीकडची. उर्वे.
लास्नामेच्या नवव्या मजल्यावर माझं घर,
महिन्यातले आठ दिवस तिथे झोपते.
बावीस दिवस उजवीकडे, दुसऱ्यांच्या झोपा झटकत.
दोन्ही शहरांत राहणाऱ्याला
या वहीत रकाना नाही.

बोटीवर पेन्त्ती भेटतो, दर गुरुवारी.
केस कापायला टाल्लिनला जातो म्हातारा.
‘इथे अठ्ठावीस, तिथे बारा,
तिकीट धरलं तर तोटाच,’ म्हणतो,
‘पण तिथली बाई विचारते,
पाणी फार गरम नाही ना.’
येताना इतरांच्या ढकलगाड्यांवर बिअरचे खोके,
याच्या हातात काही नाही.
मानेवर पावडर तेवढी.

पिर्क्को खालून हाका मारतेय, चार खोल्या बाकी आहेत.
तरी बसले. एप्रनमधली पेन्सिल काढली.
रात्री नऊनंतर दुकानात जा,
मासा निम्म्याहून कमी भावात देतात.
रिकाम्या बाटल्या टाकू नकोस,
मशीन पैसे परत करतं.
दगडावर बसून समुद्र बघणं: दोन्हीकडे शून्य.
इथून मात्र आमचं शहर दिसत नाही.
दिसते एक रेघ,
पट्टी लावून ओढलेली.

मग हात थांबेना.
दाढ काढणं: डावीकडे.
गुडघ्याची इंजेक्शनं: डावीकडे, तीही हप्त्यानं.
तार्वोच्या पोरीचा वाढदिवस: डावीकडे,
मी उजवीकडे.
पुढे आकडा लिहायचा राहिला.
मग ती ओळ खोडली,
परक्याच्या वहीत कशाला.

पानाच्या तळाशी त्याच्या बेरजा.
डावीकडची बरोबर.
उजवीकडची करून पाहिली, दोनदा,
दहाने कमी भरते.
पोरा, हातचा एक घ्यायला विसरलास.
दहा युरो स्वस्त वाटलं असेल तुला हे शहर,
वाटू दे.

शाळेत ओइए बाई शिकवायच्या:
हातचा बोटावर धरायचा, मूठ मिटायची,
आणि न्यायचा उजवीकडून डावीकडे.
उलटा कधीच जात नाही.
मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असायची,
धक्क्याला लागलेल्या बोटी मोजत.

वही हरवलेल्या वस्तूंच्या खणात ठेवली,
एक हातमोजा, एक छत्री,
कुणाची तरी दाताची तार.
तीन महिने ठेवतो आम्ही, मग कचऱ्यात.
त्याची बेरीज मी दुरुस्त केली नाही.

पाचची बोट आहे आज.
भिजल्या चादरींनी बोटं आखडलीत,
मूठ पुरती मिटत नाही.