कव्हरच्या आतल्या बाजूला

उद्यमबागेत दस्तगीर मिस्त्रीच्या शेडमध्ये
माझी इंडिका तीन चाकांवर उभी.
चेंबरखाली जॅक, मध्ये बाभळीचा ठोकळा,
उजवीकडचं माउंटिंग सोडलेलं,
इंजिनाचा सगळा भार त्या ठोकळ्यावर.
मी ऑइलच्या उलट्या डब्यावर.
परवा संकेश्वरला लग्न, दोनशे मांडे,
मागच्या सीटला तुपाचा वास मुरलेला,
आणि वडगावात माझी चूल आज थंड.

“तुटला असता तर?”
“घाटात तुटू दे न्हाईतर तुमच्या दारात,
व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणार.
एकच आवाज येतोय वैनी.
त्याच्यामागनं कायच न्हाई.”

जुना पट्टा हातात दिला त्यानं.
मला तर धडधाकट दिसला.
“उलटा वाकवा.”
वाकवला,
आणि प्रत्येक दाताच्या मुळाशी
केसाएवढी भेग उघडली.

मल्लेशी नव्या पट्ट्याचे दात मोजतो,
खुणेपासून खुणेपर्यंत,
ओंदु, एरडु, मूरु.
मी मनात एक, दोन, तीन.
माझा एक कमी भरला.
“एका दातानं काय होतंय?” म्हटलं,
तर दोघंही माझ्याकडं असे बघाय लागले
की मी परत पहिल्यापासून मोजले.

मग कव्हर पुसताना मल्लेशी थांबला.
आतल्या बाजूला पांढऱ्या पेंटनं चार ओळी,
कानडीत, तेलानं पिवळ्या पडलेल्या.
मला नुसते आकडे कळले: अठ्ठ्याऐंशी हजार.
गाडी घेतली तेव्हा मालक म्हणाला होता,
“सगळं नवं घातलंय, बघाच.”
दस्तगीरनं चष्मा कपाळावरनं खाली ओढला:

“बेल्ट नवा. आयडलर जुनाच.
मालकाकडं पैसे न्हाईत.
पुढच्यानं बदलावा.
ईरण्णा, घटप्रभा.”

शेडमध्ये कुणीच बोललं नाही थोडा वेळ.
पलीकडं फौंड्रीत काहीतरी ओततात, त्याची धग येत होती.
दस्तगीरनं जुना आयडलर कानाशी धरून फिरवला,
माझ्याही कानाशी धरला:
जात्यात वाळूचा खडा यावा तसा खर्रर्र.
“ईरण्णा खरं बोलला,” म्हणाला,
आणि नवीन आयडलरची डबी फोडली.
वॉटर पंप, टेन्शनर, सगळं आलं.
कॅमचं सील तेवढं मिळालं नाही,
बाजारपेठेत नाही, निपाणीला फोन केला तिथंही नाही.

पट्टा चढला. त्यानं दोन बोटांत धरून पीळ दिला,
पाव वेढा वळला, तिथंच अडला.
ही तार मला कळते.
हातावर मांडा ताणताना
फाटायच्या अलीकडं एक जागा असते,
ती कुणाला सांगता येत नाही, मनगटाला कळते.
मी “बस्स” म्हणाले.
तोही त्याच वेळी “साकु” म्हणाला.

किल्ली लावायच्या आधी हातानं दोन फेरे.
पान्याला दोघं लोंबकळले.
खुणा सुटल्या, फिरून आल्या,
खुणेसमोर खूण.

मग पेंटमार्कर.
ईरण्णाच्या ओळींखाली दस्तगीरनं कानडीत लिहिलं,
किलोमीटर, तारीख, आणि “हळे सील”.
एवढं मला ऐकून कळतं, हळे म्हणजे जुनं.
“सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं,” म्हटलं.
“तुमाला न्हाई. इंजिनाला कळतंय की.”
मार्कर माझ्याकडं केला:
“तुमच्यातबी लिवा. पुढचा कोण असंल काय म्हाईत.”

ग्रीसवर अक्षर नीट बसेना.
सील जुनंच आहे, बदला, असं लिहिलं
आणि खाली नाव घालावं की नाही कळेना,
म्हणून नुसतं वडगाव.

कव्हर बसलं. सहा बोल्ट आवळले.
सातवा मल्लेशी अजून शोधूलालाय,
गाडीखाली पालथा पडून,
मोबाइलचा उजेड दातात धरून.