चौथा कोपरा

बटणी गेली त्याला सव्वीस दिवस झाले.
कापशा अजून कोथिंबिरीची जुडी
अर्धीच खातो,
अर्धी तिच्या बाजूला सोडतो.

रविवारी दिवागावातून भोईरबाई आल्या
भाजीच्या क्रेटमध्ये दोघींना घेऊन.
"बहिणी हायेत, ताटातूट नको."

डॉक्टर म्हणाले, भेट अशा जागी घडवा
जी कुणाचीच नाही.
ऐरोलीतल्या वन रूम किचनमध्ये
अशी जागा म्हणजे बाथरूम.
फिनेलनं पुसून काढलं,
बादली उपडी घालून मीही बसलो.

पहिल्या दिवशी नुसते केस उडाले.
मग तिघांनी तीन कोपरे धरले,
चौथा माझा.

नवव्या रात्री कापशानं
धाकटीपुढे मान टेकवली.
तिनं चाटलं,
पण जरा चुकीच्या जागी.

तो किंचित सरकला,
कपाळ पुढे केलं:
इथे.