पिठाचा डबा

कुताइसीत, रिओनीच्या पुलापाशी
नानुली दर सोमवारी सकाळी
फोन पिठाच्या डब्यात पुरते.
वर झाकण. झाकणावर लोणचं दाबायचा दगड.

पहिल्या आठवड्यात अंगठा आपला आपणच हलायचा,
झोपेतसुद्धा, चादरीवरून वर, वर,
जणू खाली अजून काहीतरी असणारच.
नवरा म्हणाला, चार दिवसांचं कौतुक.
ती बोलली नाही. चुलीत लाकूड सारलं.

मग एका संध्याकाळी कळलं,
समोरचा झौरी रोज कुत्र्याशी भांडतो
आणि दर वेळी कुत्राच जिंकतो.
तेंदूच्या जातीचं ते अंगणातलं झाड,
पान एकही नाही आणि फळं सगळी जागच्या जागी.
किती वर्षं असंच करत असेल ते?

लेक पोलंडात, गोदामात खोकी भरते.
आधी दिवसभर एकमेकींचे फोटो बघायच्या:
ताट, बूट, बसस्टॉप, परत ताट.
रात्री फोन लागला की
"जेवलीस?"
"पाहिलंस ना तू."
आणि मग दोघी नुसत्या बघत बसायच्या.

आता रविवारी अकराला
नानुली कोपरापर्यंत हात घालते डब्यात,
फुंकर मारते, फोन पदरासारख्या एप्रनला पुसते.
लेक दिसते. जरा वाळलीय.

"आई, कानाला पीठ लागलंय तुझ्या."
"असू दे. ऐक, आधी झौरीचं सांगते..."

मागे घेवडा ढवळता ढवळता
नवरा पुटपुटतो,
कुत्र्याचं नाव सांग तिला. नाव सांग आधी.